प्रारंभिक मेलॅनोमातील जोखीम-मूल्यमापन

प्रारंभिक मेलॅनोमातील जोखीम-मूल्यमापन म्हणजे त्वचेतील मेलॅनोमा हा कर्करोग शरीरात अन्यत्र पसरलेला आढळत नसताना, पुढील काळात तो उलटण्याची, पसरण्याची किंवा रुग्णाच्या मृत्यूस कारण होण्याची शक्यता ठरवण्याची पद्धती होय. मेलॅनोमा हा त्वचेतील रंगपेशींपासून उद्भवतो. त्वचेच्या इतर सामान्य कर्करोगांच्या तुलनेत तो कमी आढळतो, परंतु त्वचेच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा असतो. वेळीच कापून काढल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र थोड्या रुग्णांत काही वर्षांनी तो पुन्हा प्रकट होतो. हे थोडे रुग्ण आधीच कसे ओळखावेत, हा या विषयाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. त्याच्या उत्तरावर लसीकाग्रंथीची तपासणी, पाठपुराव्याचा कालावधी आणि शस्त्रक्रियेनंतरचे औषधोपचार अवलंबून असतात.

व्याप्ती आणि संज्ञा

कर्करोगाचे टप्पे ठरवण्यासाठी जगभर प्रामुख्याने ‘अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर’ या संस्थेची (या लेखात यापुढे ‘संयुक्त समिती’) वर्गीकरणपद्धती वापरली जाते. तिच्यानुसार मेलॅनोमाचा पहिला आणि दुसरा टप्पा म्हणजे रोग केवळ मूळ जागी असणे. तिसऱ्या टप्प्यात तो जवळच्या लसीकाग्रंथींत किंवा तेथे नेणाऱ्या मार्गात पोहोचलेला असतो, तर चौथ्या टप्प्यात दूरच्या अवयवांत. सामान्यतः पहिल्या दोन टप्प्यांना ‘प्रारंभिक’ म्हटले जाते. केवळ बाह्यत्वचेत मर्यादित असलेला, म्हणजे अंतस्त्वचेत न शिरलेला मेलॅनोमा ‘शून्य’ टप्प्यात मोडतो. त्यात पसरण्याची जोखीम नगण्य असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.

‘वाईट परिणाम’ ही संज्ञा सैल आहे. काही अभ्यासांत तिचा अर्थ रोग कोठेही उलटणे असा असतो, काहींत दूरच्या अवयवांत प्रसार, तर काहींत मेलॅनोमामुळे झालेला मृत्यू. एकाच रुग्णगटासाठी या तीन मापांनी तीन निरनिराळे आकडे मिळतात, कारण रोग उलटलेला प्रत्येक रुग्ण दगावत नाही. जखमेच्या वणाजवळ उलटलेला रोग पुन्हा कापून काढता येतो. यकृतात किंवा मेंदूत पोहोचलेल्या रोगाची गोष्ट वेगळी असते. त्यामुळे कोणत्याही टक्केवारीचा अर्थ लावण्यापूर्वी ती नेमकी कशाची आहे हे पाहावे लागते.

गाठीची जाडी

प्रारंभिक मेलॅनोमाच्या भवितव्याचा सर्वांत भरवशाचा एकेरी निर्देशक म्हणजे गाठीची जाडी. वॉशिंग्टन येथील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकातील लेखात हे माप मांडले, म्हणून त्यास ‘ब्रेस्लो जाडी’ म्हणतात. त्यांच्या रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीची जाडी ०.७६ मिलिमीटरपेक्षा कमी होती, त्यांच्यात रोग उलटल्याचे किंवा पसरल्याचे आढळले नाही. पुढील अनेक वर्षे ०.७६ हा आकडा वैद्यकीय पुस्तकांत सीमारेषा म्हणून वावरत राहिला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत मात्र या आकड्यापाशी जोखीम एकाएकी बदलत नाही, ती जाडीबरोबर हळूहळू चढत जाते, असे दिसून आले.

ब्रेस्लो यांच्या एकच वर्ष आधी, १९६९ मध्ये, वॉलेस क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी पद्धत सुचवली होती. गाठ त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत उतरली आहे यावरून त्यांनी पाच पातळ्या केल्या: पहिल्या पातळीत ती केवळ बाह्यत्वचेत असते, तर पाचव्यात त्वचेखालील चरबीत पोहोचलेली असते. शरीररचनेच्या दृष्टीने ही पद्धत तर्कशुद्ध वाटते, परंतु व्यवहारात ती मागे पडली. अंतस्त्वचेच्या वरच्या आणि खालच्या थरांमधील सीमा सूक्ष्मदर्शकाखाली नेहमीच स्पष्ट नसते, त्यामुळे दोन तज्ज्ञ एकाच काचपट्टीला दोन पातळ्या देऊ शकतात. शिवाय पापणीची त्वचा आणि पाठीची त्वचा यांच्या जाडीत मोठा फरक असतो. मिलिमीटरच्या मापाला या दोन्ही अडचणी कमी येतात.

ब्रेस्लो जाडी मोजताना बाह्यत्वचेतील कणमय थराच्या वरच्या कडेपासून सर्वांत खोलवरच्या कर्कपेशीपर्यंतचे लंबरूप अंतर सूक्ष्मदर्शकातील मोजपट्टीने घेतले जाते. वरच्या निर्जीव शृंगी थराची गणना होत नाही. गाठीवर व्रण असल्यास माप व्रणाच्या तळापासून सुरू होते; अशा वेळी झडून गेलेला भाग मोजमापातून सुटतो, आणि म्हणूनच व्रणाची स्वतंत्र नोंद आवश्यक ठरते. संयुक्त समितीच्या आठव्या आवृत्तीनुसार जाडी ०.१ मिलिमीटरपर्यंत पूर्णांकित करून नोंदवावी, असा संकेत आहे. त्याहून सूक्ष्म आकडा दिल्यास प्रत्यक्षात नसलेल्या अचूकतेचा आभास होतो.

मोजमापाचा दर्जा बायोप्सीवर अवलंबून असतो. संशयित डाग वरवर खरवडून काढला आणि गाठीचा तळ शरीरातच राहिला, तर अहवालात ‘जाडी किमान इतकी’ एवढेच लिहिता येते. अशा रुग्णाची जोखीम कमी लेखली जाण्याचा धोका असतो. याच कारणास्तव, शक्य असेल तेथे संपूर्ण डाग भोवतालच्या एक ते तीन मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढून तपासणीस पाठवण्याची शिफारस केली जाते.

व्रण, पेशीविभाजन आणि इतर लक्षणे

जाडीखालोखाल महत्त्व व्रणाला आहे. येथे व्रण म्हणजे डोळ्यांना दिसणारी जखम अभिप्रेत नसून, गाठीवरील बाह्यत्वचा नाहीशी झाल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणे आणि त्यासोबत शरीराची प्रतिक्रिया आढळणे अभिप्रेत आहे. खाजवल्यामुळे किंवा आधीच्या बायोप्सीमुळे झालेली इजा यात धरली जात नाही. व्रण असलेल्या गाठीचे वर्तन साधारणपणे तिच्याहून एक श्रेणी जाड, परंतु व्रण नसलेल्या गाठीसारखे असते. टप्प्यांच्या रचनेत हे सरळ उतरलेले दिसते.

पेशीविभाजनाचा वेग, म्हणजे एका चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजन होत असलेल्या पेशींची संख्या, हाही स्वतंत्र निर्देशक आहे. त्याचा वर्गीकरणातील प्रवास उद्बोधक आहे. सहाव्या आवृत्तीत पातळ गाठींची विभागणी व्रण आणि क्लार्क पातळी यांवरून होत असे. सातव्या आवृत्तीत क्लार्क पातळीची जागा पेशीविभाजनाने घेतली. आठव्या आवृत्तीत तेही वगळून ०.८ मिलिमीटर जाडीची रेषा आखण्यात आली. वगळण्याचा अर्थ हे लक्षण निरुपयोगी ठरले असा नाही. सर्व जाडींच्या गाठींत त्याचा जोखमीशी संबंध आहे आणि अहवालात त्याची नोंद अपेक्षित आहे. केवळ पातळ गाठींचे दोन गट पाडण्याच्या कामी जाडीचे माप अधिक उपयुक्त ठरले.

यांशिवाय रक्तवाहिन्यांत किंवा लसीकावाहिन्यांत कर्कपेशी दिसणे हे प्रतिकूल लक्षण आहे. गाठीत शिरलेल्या प्रतिकारक लसीकापेशींची दाट उपस्थिती सहसा अनुकूल मानली जाते. मूळ गाठीपासून अलग झालेले सूक्ष्म पुंजके आढळल्यास मात्र रोग प्रारंभिक राहत नाही. त्याची गणना थेट तिसऱ्या टप्प्यात होते. रुग्णाशी निगडित घटकांत वय, लिंग आणि गाठीचे स्थान येतात. स्त्रियांमध्ये परिणाम पुरुषांपेक्षा चांगले असतात, आणि डोके, मान किंवा धड येथील गाठींपेक्षा हातापायांवरील गाठींचे. वयाच्या बाबतीत एक विसंगती आहे: तरुण रुग्णांच्या लसीकाग्रंथींत रोग सापडण्याचे प्रमाण वृद्धांपेक्षा अधिक, तरीही मेलॅनोमाने दगावण्याचे प्रमाण कमी.

टप्पे आणि त्यांचे आकडे

संयुक्त समितीची आठवी आवृत्ती जानेवारी २०१८ पासून अमलात आली. तिच्यामागे अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातील दहा केंद्रांतून आलेल्या, पहिल्या तीन टप्प्यांतील ४६,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या. एक मिलिमीटरपर्यंतच्या गाठी (ग्रंथी तपासून रोगमुक्त आढळल्यास) १-अ मध्ये मोडतात, आणि एक ते दोन मिलिमीटरच्या, व्रण नसलेल्या गाठी १-ब मध्ये. त्यापुढे जाडी किंवा व्रण यांपैकी एकेक पायरी वाढत जाते आणि चार मिलिमीटरहून जाड व व्रणयुक्त गाठ २-क मध्ये येते.

या नोंदींनुसार मेलॅनोमामुळे मृत्यू न आलेल्या रुग्णांचे प्रमाण पाच आणि दहा वर्षांच्या अखेरीस पुढीलप्रमाणे होते: १-अ मध्ये ९९ आणि ९८ टक्के, १-ब मध्ये ९७ आणि ९४, २-अ मध्ये ९४ आणि ८८, २-ब मध्ये ८७ आणि ८२, तर २-क मध्ये ८२ आणि ७५ टक्के.

याच तक्त्यात ३-अ चे आकडे ९३ आणि ८८ टक्के आहेत, म्हणजे २-ब आणि २-क या दोन्हींपेक्षा चांगले. लसीकाग्रंथीत रोग सापडलेल्या रुग्णाचे भवितव्य ग्रंथी स्वच्छ असलेल्या रुग्णापेक्षा बरे असावे, हे वरकरणी चमत्कारिक वाटते. त्याचे कारण असे की ३-अ मध्ये मूळ गाठ पातळ असते आणि ग्रंथीतील रोग केवळ सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतका अल्प असतो. उलट २-क मधील जाड, व्रणयुक्त गाठीच्या पेशी लसीकामार्ग टाळून रक्तावाटे गेलेल्या असू शकतात. ‘दुसरा टप्पा’ या शब्दांनी रुग्णास मिळणारा दिलासा म्हणून काही वेळा फसवा असतो. शस्त्रक्रियेनंतरची औषधे दीर्घकाळ तिसऱ्या टप्प्यापुरतीच राखलेली होती, ही बाब या आकड्यांनंतर समर्थनीय राहिली नाही.

पातळ गाठींचा पेच

पातळ गाठीच्या एका रुग्णाची जोखीम फार कमी असते, परंतु असे रुग्ण संख्येने फार मोठे असतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्य मेलॅनोमाच्या सर्वाधिक प्रमाणासाठी ओळखले जाते. तेथील नोंदींवर आधारित, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेलॅनोमाच्या मृत्यूंपैकी सुमारे २३ टक्के मृत्यू एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ गाठींच्या रुग्णांत आढळले. चार मिलिमीटरहून जाड गाठींचा वाटा सुमारे १४ टक्के होता. सर्वाधिक धोक्याच्या गटावर कितीही लक्ष केंद्रित केले, तरी मृत्यूंचा मोठा भाग ‘सुरक्षित’ समजल्या जाणाऱ्या गटातून येत राहतो. जोखीम-मूल्यमापनाची खरी कसोटी येथेच लागते.

या पेचाची दुसरी बाजू अतिनिदानाची आहे. अमेरिकेत मेलॅनोमाच्या निदानांचे प्रमाण सुमारे चाळीस वर्षांत सहापट झाले, परंतु मृत्यूंचे प्रमाण त्या मानाने जवळपास स्थिर राहिले, असे २०२१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका लेखात दाखवून देण्यात आले. त्वचेची वाढती तपासणी, बायोप्सी करण्यातील वाढ आणि विकृतिशास्त्रज्ञांचा सावध कल यांमुळे, आयुष्यभर कधीच उपद्रव न देणारे डागही मेलॅनोमा म्हणून नोंदले जात असावेत, असा त्या लेखकांचा निष्कर्ष होता. असे डाग पहिल्या टप्प्यात जमा झाले की त्या टप्प्याचे सरासरी आकडे आपोआप सुधारतात आणि खऱ्या आक्रमक गाठी त्या गर्दीत अधिकच झाकल्या जातात.

निदानातील मतभेदही लहान नाहीत. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील १८७ विकृतिशास्त्रज्ञांना त्वचेच्या नमुन्यांच्या काचपट्ट्या देऊन निदान विचारण्यात आले. अगदी साधे तीळ आणि स्पष्ट आक्रमक मेलॅनोमा या दोन टोकांवर बरेच एकमत होते. मधल्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम विकृत तिळापासून प्रारंभिक आक्रमक मेलॅनोमापर्यंत, ते एकमत टिकले नाही. काही काळाने तीच काचपट्टी पुन्हा दाखवल्यावर स्वतःचेच आधीचे निदान बदलणारेही होते. ज्या मोजमापांवर पुढील सारे गणित उभारायचे, त्यांचा पाया इतका डळमळीत असू शकतो.

सेंटिनल लसीकाग्रंथीची तपासणी

त्वचेच्या विशिष्ट भागातील लसीका सर्वप्रथम ज्या ग्रंथीत पोहोचते, तिला सेंटिनल, म्हणजे पहारेकरी, लसीकाग्रंथी म्हणतात. अमेरिकी शल्यविशारद डोनाल्ड मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ती शोधून काढण्याचे तंत्र मेलॅनोमासाठी प्रसिद्ध केले. गाठीच्या जागी निळे रंगद्रव्य आणि किरणोत्सारी टेक्निशियमयुक्त द्रव टोचला जातो. ते ज्या ग्रंथीत जमते तेवढीच काढून बारकाईने तपासली जाते.

मॉर्टन यांच्याच नेतृत्वाखाली झालेल्या बहुकेंद्रीय चाचणीचा अंतिम अहवाल २०१४ मध्ये आला. मध्यम जाडीच्या (१.२ ते ३.५ मिलिमीटर) गाठींमध्ये, ग्रंथी स्वच्छ असलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी मेलॅनोमाच्या मृत्यूपासून बचावलेल्यांचे प्रमाण ८५.१ टक्के होते, तर ग्रंथीत रोग असलेल्यांत ६२.१ टक्के. भवितव्य सांगण्याचे साधन म्हणून ही तपासणी किती प्रभावी आहे हे यावरून स्पष्ट होते. मात्र तपासणी केलेला एकूण गट आणि केवळ निरीक्षणाखाली ठेवलेला गट यांच्या मेलॅनोमा-मृत्यूंत फरक आढळला नाही. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या चाचणीने असेही दाखवले की सेंटिनल ग्रंथीत रोग सापडल्यावर त्या भागातील उरलेल्या सर्व ग्रंथी लगेच काढल्याने आयुर्मान वाढत नाही. हातापायाची कायमची सूज यांसारखे त्या मोठ्या शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम तेव्हापासून अनेक रुग्णांना टळले. आज ही तपासणी मुख्यतः माहिती मिळवण्यासाठी केली जाते.

कोणास ती सुचवावी, यासाठी प्रचलित मार्गदर्शक तत्त्वे शक्यतेच्या दोन पायऱ्या वापरतात. ग्रंथीत रोग सापडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असल्यास ती सहसा सुचवली जात नाही. पाच ते दहा टक्क्यांदरम्यान रुग्णाशी चर्चा करावी. दहा टक्क्यांच्या वर ती देऊ करावी. ०.८ मिलिमीटरपेक्षा पातळ व व्रण नसलेल्या गाठी बहुधा पहिल्या गटात पडतात. ही शक्यता काढण्यासाठी गणनयंत्रे उपलब्ध आहेत. मेलॅनोमा इन्स्टिट्यूट ऑस्ट्रेलिया या संस्थेच्या २०२० मधील साधनात वय, जाडी, मेलॅनोमाचा प्रकार, पेशीविभाजन, व्रण आणि वाहिन्यांतील शिरकाव हे सहा घटक वापरले आहेत.

जनुकीय चाचण्या आणि संगणकीय प्रतिमाने

दोन रुग्णांच्या गाठी सारख्याच जाडीच्या असूनही एकाचा रोग पसरतो आणि दुसऱ्याचा पसरत नाही, तेव्हा फरक पेशींच्या अंतरंगात असावा, या तर्कावर जनुकीय चाचण्या उभ्या आहेत. अमेरिकेत व्यापारी तत्त्वावर उपलब्ध असलेली एक चाचणी गाठीतील ३१ जनुकांची सक्रियता मोजून रुग्णांना कमी व अधिक जोखमीच्या वर्गांत घालते. दुसऱ्या एका चाचणीत आठ जनुकांच्या सक्रियतेला वय आणि जाडीची जोड दिलेली आहे. तिचा मुख्य उद्देश सेंटिनल तपासणी कोणाला टाळता येईल हे ठरवण्याचा आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात विकसित झालेली पद्धत निराळ्या ठिकाणी पाहते: गाठीवरील बाह्यत्वचेत दोन विशिष्ट प्रथिने टिकून आहेत की नाहीशी झाली आहेत, यावरून ती व्रणविरहित प्रारंभिक गाठींमधील कमी जोखमीचे रुग्ण वेगळे करते.

या चाचण्यांचे मूल्य ठरवताना रोगाचे मूळ प्रमाण विसरले जाते. ३१ जनुकांच्या चाचणीवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२० साली ‘जामा डर्मटॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार पहिल्या टप्प्यातील ज्या रुग्णांचा रोग पुढे उलटला, त्यांपैकी २९ टक्क्यांनाच चाचणीने अधिक जोखमीच्या वर्गात घातले होते. ज्यांचा उलटला नाही त्यांपैकी ९० टक्के योग्य रीतीने कमी जोखमीचे ठरले. ९० टक्के हा आकडा प्रभावी वाटतो. परंतु समजा, पहिल्या टप्प्याच्या १,००० रुग्णांपैकी ५० जणांचा रोग उलटणार आहे. चाचणी त्यांतील सुमारे १५ जण पकडेल आणि ३५ जण निसटतील. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांना ती विनाकारण धोक्याचा इशारा देईल. म्हणजे ‘अधिक जोखीम’ असा अहवाल हाती पडलेल्या ११० जणांपैकी सुमारे ९५ जणांचा रोग उलटणारच नाही. आणि ‘कमी जोखीम’ ठरलेल्यांची शक्यता ५ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्क्यांवर येईल, इतकेच. दुसऱ्या टप्प्यात चित्र उलटे होते: उलटलेल्या रोगांपैकी ८२ टक्के पकडले गेले, परंतु न उलटलेल्यांपैकी ४४ टक्केच योग्य वर्गात पडले. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजीने २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा चाचण्यांचा सरसकट वापर करू नये, अशी भूमिका घेतली.

यंत्र-अध्ययनावर आधारित प्रतिमाने या क्षेत्रात नव्याने आली आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील रुग्णालयांमधील १,७२० प्रारंभिक मेलॅनोमांच्या नोंदी वापरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगणकाला ३६ वैशिष्ट्ये पुरवण्यात आली. त्यांतून सर्वाधिक भाकीतक्षम म्हणून वर आलेली दोन वैशिष्ट्ये होती जाडी आणि पेशीविभाजनाचा वेग. ब्रेस्लो यांच्या मोजपट्टीला पन्नास वर्षांनंतरही यंत्राने अग्रस्थान द्यावे, ही गोष्ट त्या मोजपट्टीच्या सामर्थ्याइतकीच नव्या निर्देशकांच्या तोकडेपणाचीही द्योतक आहे.

कोणतेही प्रतिमान दोन निकषांवर तपासले जाते. पहिला भेदक्षमतेचा: रोग उलटणाऱ्या रुग्णाला ते न उलटणाऱ्यापेक्षा अधिक गुण देते का? दुसरा जुळणीचा: ज्यांना ते दहा टक्के जोखीम सांगते, त्यांपैकी प्रत्यक्षात सुमारे दहा टक्क्यांचा रोग उलटतो का? प्रसिद्ध होणाऱ्या लेखांत पहिल्यावर भर असतो. रुग्णाला सांगण्याच्या दृष्टीने दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. एका देशातील रुग्णांवर घडवलेले प्रतिमान दुसऱ्या देशात क्रम बरोबर लावूनही आकडे चुकीचे देऊ शकते.

उपचारांच्या निर्णयातील उपयोग

मूळ जागेभोवती किती रुंद त्वचा काढायची हे जाडीवरून ठरते: एक मिलिमीटरपर्यंत एक सेंटिमीटर, एक ते दोन मिलिमीटरसाठी एक ते दोन सेंटिमीटर, आणि त्यापुढे दोन सेंटिमीटर. कोणतीही लक्षणे नसलेल्या १-अ ते २-अ टप्प्यांतील रुग्णांत वारंवार सीटी किंवा पेट स्कॅन करण्याची शिफारस नाही. त्वचेची व ग्रंथींची नियमित तपासणी आणि रुग्णाने स्वतः केलेले निरीक्षण यांवर भर असतो. पातळ गाठी दहा वर्षांनंतरही उलटू शकतात, तसेच एकदा मेलॅनोमा झालेल्या व्यक्तीस दुसरा नवा मेलॅनोमा होण्याची जोखीम आयुष्यभर वाढलेली राहते.

सर्वांत कठीण निर्णय शस्त्रक्रियेनंतरच्या इम्युनोथेरपीचा आहे. २-ब आणि २-क टप्प्यांतील ९७६ रुग्णांच्या एका चाचणीत निम्म्या रुग्णांना सुमारे वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब आणि निम्म्यांना औषधहीन द्रव देण्यात आला. पहिल्या विश्लेषणात रोग उलटणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण अनुक्रमे ११ आणि १७ टक्के होते. औषधाशी निगडित तीव्र दुष्परिणाम १६ आणि ४ टक्के रुग्णांत दिसले. या आधारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२१ मध्ये या टप्प्यांसाठी औषधास मान्यता दिली. २०२३ मध्ये निव्होलुमॅबलाही मिळाली. हे आकडे शंभर रुग्णांच्या भाषेत मांडल्यास, त्या मुदतीत सहा जणांचा रोग उलटणे टळले आणि बारा अधिक जणांना तीव्र दुष्परिणाम सोसावे लागले. यांतील थायरॉइड, पिट्युटरी किंवा अधिवृक्क ग्रंथींची हानी अनेकदा कायमची असते आणि जन्मभर संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्या लागतात. ज्या ८३ जणांचा रोग औषधाविनाही त्या काळात उलटला नसता, त्यांना आधीच वेगळे काढता आले असते तर हा सौदा सोपा झाला असता.

तळवा आणि नखाखालील मेलॅनोमा

वरील बहुतेक आकडे युरोपीय वंशाच्या, गोऱ्या त्वचेच्या रुग्णांवरून आले आहेत. भारतात मेलॅनोमा दुर्मीळ आहे, आणि जो आढळतो त्यात तळपाय, तळहात आणि नखांखालील प्रकाराचे प्रमाण मोठे असते. या प्रकाराचा उन्हाशी संबंध अल्प आहे. तो सर्व वंशांत आढळतो, पण गडद त्वचेच्या लोकांत इतर प्रकार कमी असल्याने त्याचा वाटा वाढतो. अमेरिकेतील नोंदींत कृष्णवर्णीयांच्या मेलॅनोमांपैकी ३६ टक्के या प्रकारचे होते. त्याच नोंदींत या प्रकारात मेलॅनोमाच्या मृत्यूपासून बचावण्याचे प्रमाण पाच वर्षांनी ८०.३ आणि दहा वर्षांनी ६७.५ टक्के होते, तर सर्व त्वचा-मेलॅनोमांत ते ९१.३ आणि ८७.५ टक्के. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याला हाच रोग झाला होता. १९८१ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी ते निवर्तले.

या फरकाचा मोठा भाग उशिरा झालेल्या निदानातून येतो. तळव्यावरचा काळा डाग कुरूप, चामखीळ किंवा काटा मोडल्याची खूण समजला जातो. नखातील काळी रेघ ठेच लागून साकळलेले रक्त किंवा बुरशी म्हणून सोडून दिली जाते. रंगविरहित गाठ तर न भरणारी जखमच वाटते. निदान होईपर्यंत गाठ जाड आणि व्रणयुक्त झालेली असते, म्हणजे रुग्ण वर्गीकरणाच्या वरच्या पायऱ्यांवरच प्रवेश करतो. डर्मोस्कोपखाली तळव्याच्या रेषांमधील उंचवट्यांवर रंग समांतर पसरलेला दिसणे ही या प्रकाराची महत्त्वाची खूण आहे. नखाचा रंग मागील किंवा बाजूच्या त्वचेवर उतरणे हेही तपासणीस पाठवण्याजोगे लक्षण आहे.

मोजमापाची स्वतंत्र अडचण नखाखाली येते. नख जेथून उगवते त्या ऊतीत सामान्यतः कणमय थर नसतो, आणि ब्रेस्लो जाडीचा आरंभबिंदू तर तोच आहे. तेथे विकृतिशास्त्रज्ञाला बाह्यत्वचेच्या उपलब्ध पृष्ठभागापासून माप घ्यावे लागते, आणि मिळालेला आकडा पाठीवरील गाठीच्या आकड्याशी तंतोतंत तुलनीय राहत नाही. अशा रुग्णाला ४६,००० जणांच्या तक्त्यातील टक्केवारी सांगताना तो तक्ता कोणाच्या त्वचेवरून बनला आहे, हेही सांगणे आवश्यक ठरते.